चुन्याच्या रिंगणातलं मूल

शाळेत खेळांचे सामने सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर फक्की मारतात, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. चुन्याची पांढरी भुकटी, वाकून चालणारा शिपाई, आणि बघता बघता मातीवर उमटलेल्या रेघा. सकाळी तीच माती पायांखाली होती. आता तिला आत-बाहेर आलं, नियम आले. आज ज्या नाटकाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या मध्यभागी अशीच एक चुन्याची रेघ आहे. रिंगणाच्या आत पाच वर्षांचा एक मुलगा उभा आहे आणि दोन बायका त्याचे दोन हात धरून ओढताहेत.

नाटकाचं नाव 'हुई लान जी'. 'हुई' म्हणजे राख किंवा चुना, 'लान' म्हणजे कठडा, कुंपण. युरोपीय भाषांतरकारांनी चुन्याचा खडू केला आणि तिथून जगभर 'खडूचं वर्तुळ' हेच नाव रूढ झालं. पण फक्की पाहिलेल्या माणसाला चुना समजावून सांगावा लागत नाही. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नाट्यविभागातल्या मुलामुलींना घेऊन हे नाटक मी बसवलं, तेव्हा आम्ही सरळ क्रीडाविभागातून घमेलंभर फक्कीच मागून आणली.

हे नाटक युआन राजवटीतलं. म्हणजे मंगोल सम्राटांचा काळ, १२७१ ते १३६८. लेखक ली शिंगदाओ. त्याच्या आयुष्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही, नाटक मात्र सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या शंभर युआन नाटकांच्या संग्रहात टिकून राहिलं. या नाटकांचे नियम मोठे मजेदार. अंक चार, सोबत एक छोटा प्रवेश. आणि गायचं ते साऱ्या नाटकात एकाच मुख्य पात्रानं. संगीत नाटकाची सवय असलेल्या आपल्याला हे नवलाचं वाटेल. आपल्याकडे नायक गातो, नायिका गाते, जमलं तर विदूषकही एखादं पद म्हणून घेतो. इथे बाकीचे सगळे बोलतात. गाण्याचा हक्क एकट्या हायतांगचा.

ही हायतांग कोण? चांगल्या घरातली मुलगी, दारिद्र्यापायी देहविक्रय करावा लागलेली. मा नावाच्या श्रीमंत गृहस्थानं तिला धाकटी बायको म्हणून घरात आणलं आणि तिला मुलगा झाला. थोरलीला मूल नाही. तिचं सूत कचेरीतल्या झाओ नावाच्या कारकुनाशी जुळलेलं. नवऱ्यासाठी केलेल्या रश्शात मीठ कमी आहे म्हणून ती हायतांगला आत पिटाळते आणि तेवढ्यात त्यात विष कालवते. नवरा मरतो. खुनाचा आळ धाकटीवर. पण मुद्दा इस्टेटीचा असतो, आणि इस्टेट ज्याची आई असेल त्याच्या मागून येणार. म्हणून मूलही माझंच, असा थोरलीचा दावा. शेजारी आणि सुईण पैसे घेऊन साक्ष देतात. झेंगझोऊचा न्यायाधीश सू शुन लाचखाऊ आहे, आणि आपण कसे आहोत हे तो रंगमंचावर येऊन स्वतःच प्रेक्षकांना सांगून टाकतो. पात्रानं आल्या आल्या आपली ओळख करून द्यायची, ही त्या रंगभूमीची रीत. दशावतार पाहिलेल्यांना त्यात काही परकं वाटायचं नाही.

मारून मुटकून कबुली घेतली जाते, आणि हायतांगला बेड्या घालून बर्फातून काइफेंगला नेतात. तिथे बसले आहेत बाओ. बाओ झेंग हा खरा इतिहासातला माणूस, ९९९ ते १०६२ या काळातला अधिकारी; पण लोकांनी त्याला गोष्टींमध्ये असं काही उचलून धरलं की आपल्याकडे रामशास्त्र्यांचं नाव घेतात तसं तिकडे बाओंचं घेतात. बाओ जमिनीवर चुन्याचं वर्तुळ काढायला सांगतात. मुलाला मध्ये उभं करा. जी ओढून बाहेर काढेल ती आई. थोरली ओढते, हायतांग हात सोडते. पुन्हा एकदा तेच. का सोडलास म्हणून विचारल्यावर ती सांगते, कोवळे हात आहेत, ओढले तर मोडतील.

ही युक्ती मुळात कुणाची? आपण मोठ्या हक्कानं म्हणू, आमची! महाउम्मग्ग जातकात महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो, मूल त्यावर ठेवतो. यक्षिणी हात धरते, आई पाय धरते. पोर रडताच आई सोडून देते. बौद्ध ग्रंथांबरोबर ही गोष्ट उत्तरेकडे गेली असणार, हेही पटण्यासारखं आहे. पाचव्या शतकात चिनीत आलेल्या 'शहाण्या-मूर्खांच्या सूत्रा'त दोन बायका मुलाचे दोन हात ओढतात ती कथा आहे. पण चीनमध्ये त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकातल्या यिंग शाओच्या ग्रंथात, दोन जावांच्या भांडणाचा असाच निवाडा सांगितला आहे. तेव्हा गोष्टीच्या मातृत्वाचाच दावा लागला, तर मी तरी आपल्या बाजूनं फार जोरात ओढणार नाही.

नाटक युरोपात पोचलं १८३२ साली, स्टानिस्लास ज्युलियाँ या फ्रेंच पंडिताच्या भाषांतरातून. पुढे जवळजवळ शतकभर ते अभ्यासकांच्या कपाटात राहिलं. १९२५ मध्ये क्लाबुंड या जर्मन कवीनं त्याचं हळवं रूपांतर केलं, माक्स राइनहार्टनं ते बर्लिनमध्ये झगमगाटात उभं केलं, आणि ते खूप चाललं. क्लाबुंडनं एक गोम केली होती: मुलाचा खरा बाप राजपुत्र, आणि शेवटी सम्राट होऊन न्याय देणाराही तोच. म्हणजे चुना राहिला, न्याय गेला.

बर्टोल्ट ब्रेख्त हे सगळं जाणून होता. नाझींमुळे १९३३ मध्ये देश सोडलेला हा माणूस फिरत फिरत १९४१ साली कॅलिफोर्नियात पोचला. लुइझे रायनर ही नटी, 'द गुड अर्थ' या चित्रपटात चिनी शेतकऱ्याची बायको रंगवून ऑस्कर मिळवलेली, तिनं त्याला सुचवलं की खडूच्या वर्तुळावर नाटक लिही, मी काम करीन. ब्रॉडवेसाठी करारही झाला. मग दोघांचं बिनसलं. ती बाजूला झाली, ब्रेख्त लिहीत राहिला. १९४४ मध्ये नाटक तयार झालं, पण चीनमधून ते कॉकेशस पर्वतात गेलं होतं, आणि निकाल उलटा झाला होता. बंडाळीत राज्यपालाची बायको आपले उंची कपडे आवरायच्या नादात पोटचं पोर विसरून पळते. ग्रुशा नावाची मोलकरीण ते उचलते, डोंगर ओलांडून वाढवते. पुढे इस्टेटीसाठी जन्मदाती परत येते. आझ्डाक हा अर्धा दारुडा, अर्धा शहाणा न्यायाधीश वर्तुळ आखतो. इथे हात सोडते ती मोलकरीण, आणि मूल तिला मिळतं.

असं हे नाटक ब्रॉडवेवर आलंच नाही. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीनं ब्रेख्तला कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून वॉशिंग्टनमध्ये जबानीला उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अमेरिका सोडली. आणि मे १९४८ मध्ये जगातला या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तो मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड या लहानशा गावी, कार्लटन कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून. दिग्दर्शक हेन्री गुडमन, इंग्रजी भाषांतर एरिक आणि माया बेंटली यांचं, जागा कॉलेजमधलं नोर्स हे छोटेखानी थिएटर. लेखक महासागरापलीकडे. मूळ जर्मन नाटक तेव्हा छापलेलंसुद्धा नव्हतं. ते १९४९ साली आलं, आणि ब्रेख्तनं स्वतः बर्लिनमध्ये ते रंगभूमीवर आणायला १९५४ उजाडलं.

या प्रयोगाचा उल्लेख नाट्येतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मला ती ओळ नेहमी थांबवते. ढिगानं पात्रं, गाणी, नदी, पर्वत, कोसळणारा पूल, पावणेतीन-तीन तासांचा पसारा. ज्याच्या लेखकाचं नाव घेणं त्या दिवसांत अमेरिकेत सोयीचं नव्हतं असं नाटक. १९४८च्या इंग्रजी छापील आवृत्तीतून सोव्हिएत शेतकऱ्यांचा सुरुवातीचा प्रसंग खुद्द ब्रेख्तच्या सल्ल्यानं बाजूला ठेवला होता, यावरून हवेचा अंदाज यावा. धंदेवाईक निर्माता अशा वेळी हिशेब मांडतो. कॉलेजात हिशेब मांडायचा नसतो असं नाही, पण तिथे फुकटचे हात खूप असतात आणि अंगावर नाव घ्यायला कुणी फारसं घाबरत नाही. विशीतली पोरं म्हाताऱ्या आझ्डाकच्या दाढ्या चिकटवून उभी राहिली असतील. कशी झाली असतील कामं कोण जाणे, प्रयोग झाला.

मराठीत हे वर्तुळ आलं ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या लेखणीतून, 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून. १९७०च्या दशकात विजया मेहतांनी पूर्व जर्मनीतले दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर ते लोकनाट्याच्या अंगानं बसवलं. त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट बहुतेकांना ग्रुशाची म्हणूनच ठाऊक आहे. आमच्या मुलांनाही तीच ठाऊक होती. मूळ चिनी नाटक घेऊया म्हटल्यावर एकीनं तोंड वाकडं केलं. "म्हणजे शेवटी रक्ताचंच नातं जिंकणार ना, सर?"

तालमी सुरू झाल्या. हायतांगची पदं आम्ही ओवीच्या वळणावर बांधली. मुलाच्या जागी आधी कापडी बाहुलं घेतलं होतं. पण बाहुलं ओढताना कुणाला काही होईना. मग आमच्या शिपायांचा सहा वर्षांचा मुलगा आणला. थोरलीचं काम करणारी मुलगी त्याला ओढायलाच घाबरे आणि तो खदाखदा हसून म्हणे, "ओढा ना ताई!" ओढाओढीचं ते काम बसवायला आम्हाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मला कळलं, की चिनी नाटकात वर्तुळानं शोध काहीच लागत नाही. आई कोण हे प्रेक्षकाला पहिल्या अंकापासून ठाऊक असतं. वर्तुळ असतं ते पैसे खाल्लेल्या साक्षींना, कागदाला, कचेरीला हरवायला. ब्रेख्तकडे आईपण तिथेच, त्या चुन्यात ठरतं. ओढायची रीत तीच, दोनदा ओढायची तऱ्हाही तीच. फरक आहे तो हात कुणाचा सुटला एवढ्याच गोष्टीत. म्हणून त्या तक्रार करणाऱ्या मुलीला मी सांगितलं, की बाओसुद्धा रक्त तपासत नाहीत, माया तपासतात.

बेड्या घालून नेणाऱ्या शिपायाचं काम एका अबोल मुलाकडे होतं. तालमीनंतर सतरंज्या गुंडाळताना तो म्हणाला, "सर, मला मावशीनं वाढवलंय. आई-वडील गावाकडे आहेत." मी म्हटलं, मग काळजी कसली, जी हात सोडेल तिला मूल मिळतं. तो जरा थांबून म्हणाला, "पण माझी मावशी सोडणारच नाही. ती भांडेल. समोर कोणी असो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. महोसध, बाओ आणि आझ्डाक तिघांनीही गृहीत धरलेलं असतं, की माया असेल तर हात सुटतो. न सोडणारी मायाही असते, हे दोन हजार वर्षांत कुणाच्या न्यायात बसलेलं मला दिसलं नाही. त्या रात्री मी पुन्हा संहिता काढून बसलो. बदल काही केला नाही. फक्त दुसऱ्या वेळी हात सोडण्याआधी हायतांगनं थोडा जास्त वेळ धरून ठेवावा, एवढं सुचवलं. तिनं ते करून दाखवलं तेव्हा तालमीच्या खोलीतली कुजबुज थांबली.

प्रयोग तीन झाले. शेवटच्या प्रयोगाला त्याची मावशी आली होती, तिसऱ्या रांगेत बसली होती. पडदा पडल्यावर मुलगा तिला घेऊन आत आला. मी आपला उत्सुकतेनं विचारता झालो, "कसं वाटलं नाटक?" तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. अंगावर फक्की उडालेलं ते शिपायांचं पोर कोपऱ्यात बिस्किटं खात बसलं होतं, त्याच्यापाशी जाऊन तिनं त्याचा दंड हळूच चाचपला आणि मला म्हणाली, "घरी गेल्यावर तेल लावायला सांगा याला. तिन्ही दिवस ओढलाय."