पल्स ऑक्सिमेट्री चाळणी (नवजात अर्भक)

पल्स ऑक्सिमेट्री चाळणी ही नवजात अर्भकांमधील गंभीर जन्मजात हृदयदोष लक्षणे दिसू लागण्यापूर्वी ओळखण्यासाठी केली जाणारी वेदनारहित चाचणी आहे. या चाचणीत त्वचेवर लावलेल्या प्रकाशसंवेदकाच्या साहाय्याने रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता, म्हणजेच ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण मोजले जाते. त्यासाठी रक्त काढावे लागत नाही व चाचणी काही मिनिटांत पूर्ण होते.

पार्श्वभूमी

दर १,००० जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांमध्ये जन्मजात हृदयदोष आढळतो. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश दोष गंभीर असतात, म्हणजे बाळाच्या पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरद्वारे उपचार करावे लागतात.

गर्भावस्थेत फुप्फुसांचे श्वसनकार्य सुरू झालेले नसते. त्यामुळे फुप्फुसधमनीतील बरेचसे रक्त डक्टस आर्टेरिओसस या जोडवाहिनीतून थेट महाधमनीत जाते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ही वाहिनी आपोआप बंद होते. निरोगी बाळाला त्याचा त्रास होत नाही. मात्र काही हृदयदोषांत फुप्फुसांचा किंवा शरीराचा रक्तपुरवठा याच वाहिनीवर अवलंबून असतो. असे बाळ जन्मतः निरोगी दिसते, दूध पिते आणि घरीही पाठवले जाते. पुढे वाहिनी बंद होताच त्याची प्रकृती काही तासांत ढासळू शकते.

त्वचा व ओठ निळसर होणे हे ऑक्सिजन कमी असल्याचे परिचित लक्षण आहे. तथापि, संपृक्तता साधारणतः ८०% च्या आसपास घसरेपर्यंत नीलिमा डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही. सावळ्या वर्णाच्या बाळांत ती ओळखणे अधिकच कठीण असते. हृदयाच्या ठोक्यांतील अतिरिक्त आवाजही सर्व दोषांत ऐकू येतोच असे नाही. डोळ्यांना व स्टेथोस्कोपला न कळणारी ही घट ऑक्सिमीटर दाखवू शकतो.

कार्यपद्धती

ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यागणिक होणारा शोषणातील बदल मोजून उपकरण संपृक्तता काढते. हे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात विकसित केले.

चाचणी शक्यतो जन्मानंतर २४ तासांनी, अथवा त्याआधी घरी सोडायचे असल्यास रुग्णालयातून निघण्यापूर्वी करतात. संवेदक उजव्या हाताला व कोणत्याही एका पायाला लावला जातो. उजव्या हाताला रक्त नेणारी शाखा महाधमनीपासून जोडवाहिनीच्या अगोदर निघते; पायाकडे जाणारे रक्त मात्र त्या जोडणीच्या पुढचे असते. म्हणून दोन्ही ठिकाणच्या मापनांतील फरकही अर्थपूर्ण ठरतो.

अमेरिकेत २०११ साली मांडलेल्या मूळ पद्धतीनुसार निष्कर्ष पुढीलप्रमाणे काढले जात :

* उत्तीर्ण : हात किंवा पाय यांपैकी एका ठिकाणी ९५% वा अधिक आणि दोहोंतील फरक ३% पेक्षा जास्त नाही.
* अनुत्तीर्ण : कोणत्याही एका ठिकाणी ९०% पेक्षा कमी.
* अनिर्णित : या दोहोंच्या मधील स्थिती. तासाभराने पुन्हा मापन केले जाई. तीन मापनांनंतरही स्थिती तशीच राहिल्यास बाळ अनुत्तीर्ण मानले जाई.

अनुत्तीर्ण ठरणे म्हणजे हृदयदोषाचे निदान नव्हे. बाळाची तातडीने तपासणी करून, दुसरे कारण न आढळल्यास इकोकार्डिओग्राफी केली जाते. वाहिनीवर अवलंबून असलेला दोष आढळल्यास ती उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन ई१ हे औषध शिरेतून देतात व बाळाला हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात हलवतात.

परिणामकारकता

पश्चिम स्वीडनमधील ३९,८२१ बाळांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शारीरिक तपासणीला ऑक्सिमेट्रीची जोड दिल्याने वाहिनीवर अवलंबून असलेल्या दोषांचे निदान वाढल्याचे दिसले. २०१८ च्या कॉक्रेन पुनरावलोकनानुसार ही चाचणी गंभीर दोष असलेल्या सुमारे ७६% बाळांना ओळखते, तर दोष नसलेल्या ९९.९% बाळांना योग्य रीतीने वगळते. पहिल्या २४ तासांत चाचणी केल्यास चुकीच्या धोक्याच्या सूचना अधिक मिळतात. मात्र अशा काही बाळांत न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग आढळतो व त्यांवर वेळीच उपचार करता येतात.

मर्यादा

महाधमनीचे आकुंचन यांसारख्या काही दोषांत संपृक्तता सामान्य राहू शकते. म्हणून चाचणीत उत्तीर्ण झालेल्या बाळालाही दूध पिताना धाप लागणे, घाम येणे, निळसरपणा किंवा सुस्ती दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. ही चाचणी गर्भावस्थेतील सोनोग्राफी व जन्मोत्तर शारीरिक तपासणी यांना पूरक आहे, पर्याय नाही. समुद्रसपाटीपासून फार उंचीवरील प्रदेशांत निरोगी बाळांचीही संपृक्तता कमी असते. तेथे वेगळे निकष लागतात.

प्रसार

अमेरिकेच्या आरोग्य विभागाने २०११ मध्ये ही चाचणी नवजात अर्भकांच्या शिफारसप्राप्त चाचण्यांत समाविष्ट केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती सक्तीची करणाऱ्या राज्यांत गंभीर हृदयदोषांमुळे होणारे अर्भकमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांत जन्मजात हृदयविकाराचा समावेश आहे. प्रसूतीच्या ठिकाणी आरोग्य कर्मचारी व गृहभेटींत आशा सेविका नवजात बाळांची तपासणी करतात. निदानानंतर इकोकार्डिओग्राफी, सुरक्षित वाहतूक आणि बालहृदयशस्त्रक्रिया वेळेत उपलब्ध होणे यांवरच चाळणीचा प्रत्यक्ष लाभ अवलंबून असतो.