नाळेतील रक्त : दानातून जन्मलेले शास्त्र

प्रसूतीनंतर वार आणि नाळ टाकून दिली जाते. तिच्यासोबत जेमतेम १०० मिलिलिटर रक्तही वाया जाते. त्या रक्तात रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात.

त्यांचा पहिला उपयोग ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झाला. डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी ‘फॅन्कोनी अ‍ॅनिमिया’ हा आनुवंशिक विकार असलेल्या एका अमेरिकन मुलावर नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण केले. ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते. इंडियानातील शास्त्रज्ञ हॅल ब्रॉक्समायर यांनी ते गोठवून जतन केले होते. मुलगा बरा झाला.

पुढे न्यूयॉर्कमध्ये पाब्लो रुबिनस्टाईन यांनी सार्वजनिक पेढी उभारली. १९९३ पासून नात्याबाहेरच्या रुग्णांनाही असे रक्त मिळू लागले; रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांना त्याचा मोठा आधार झाला. नवजात बाळाच्या रोगप्रतिकारक पेशी अननुभवी असल्याने ऊतींची जुळणी थोडी अपुरी असली, तरी प्रत्यारोपण शक्य होते. मात्र पेशींची संख्या कमी पडते. त्यामुळे प्रौढांसाठी दोन बाळांचे रक्त एकत्र देण्याची पद्धत आली. अलीकडे अर्ध्या जुळणीच्या नातेवाइकांकडून मूलपेशी घेणे सुकर झाले आणि नाळेतील रक्ताचा वापर घटला.

भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली. नाळेतील रक्त मात्र येथे घरोघरी पोहोचले ते खासगी पेढ्यांच्या जाहिरातींतून, बाळाचा ‘जैविक विमा’ म्हणून. येथेच इतिहासाचा अर्थ उलटा लावला गेला. ल्युकेमिया झालेल्या बाळाचे स्वतःचे रक्त त्याला सहसा उपयोगी पडत नाही. रोगाची बीजे जन्मापूर्वीच त्या पेशींत रुजलेली असू शकतात. शिवाय परक्या पेशी कर्कपेशींवर जो हल्ला चढवतात, तो स्वतःच्या पेशी चढवत नाहीत. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट केले, की भविष्यात स्वतःच्या वापरासाठी हे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही. कुटुंबातच असा रुग्ण असेल, तर गोष्ट वेगळी.

पॅरिसमधील त्या मुलाला वाचवले ते बहिणीच्या रक्ताने. स्वतःसाठी राखलेल्या ठेवीने नव्हे. हे शास्त्र वाढले तेही अनोळखी मातांनी दिलेल्या दानावर.