पिकअपमध्ये बूफर बसवताय? आधी फ्यूज, मग आवाज

छत्रपती संभाजीनगर : लासूर स्टेशन आणि वैजापूरचा कांदा, पाचोडची मोसंबी, सिल्लोडची मका, जाधववाडीला जाणारा भाजीपाला. जिल्ह्यातला बराचसा माल पिकअपमधूनच बाजारात जातो. रात्रीच्या फेरीत चालकाला सोबत असते ती गाण्यांची. कंपनीच्या टेपवर मन भरत नाही, म्हणून अनेक जण अँप आणि बूफर बसवून घेतात. हौस करायला हरकत नाही. पण ज्या गाडीवर घर चालतं, ती एका चुकीच्या वायरीमुळे पेटू शकते. त्यामुळे दुकानात जाण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

खोक्यावर मोठ्या अक्षरात '२००० वॅट' लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा आकडा असतो. खरा आकडा 'आरएमएस'चा. तोच दुकानदाराला विचारावा. पिकअपची केबिन छोटी आणि बंद असते, त्यामुळे तिच्यात बेस आपोआप वाढतो. ८ किंवा १० इंची बूफर आणि २०० ते ३०० वॅट आरएमएस एवढ्यात भागतं. अँप आणि बूफरचे ओहम जुळले पाहिजेत. अँप २ ओहमला चालणारं नसेल आणि त्याला २ ओहमचा बूफर जोडला, तर ते तापून बंद पडतं किंवा जळतं.

करंटचा हिशेब

बूफर आणि दरवाजाचे स्पीकर मिळून ५०० वॅट आरएमएस धरा. क्लास-डी प्रकारचं चांगलं अँपही थोडी वीज उष्णतेत घालवतं. म्हणजे बॅटरीकडून साधारण ६२५ वॅट लागतात. पूर्ण आवाजात हा करंट ४५ अँपिअरच्या आसपास जातो, म्हणजे हेडलाइटच्या चार-पाच जोड्या एकदम लावल्यासारखं. गाण्यात तो सलग एवढा राहत नाही, पण वायर आणि फ्यूज याच हिशेबाने घ्यावे लागतात. त्याहून मोठं अँप घ्यायचं असेल, तर गाडीच्या डायनामोला ते पेलेल का, हे आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

वायर आणि फ्यूज

अँपची मुख्य वायर टेपच्या मागून काढू नये. ती बारीक असते, एवढा भार तिला सोसत नाही. थेट बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर टाकावी. एवढ्या सिस्टिमला आणि केबिनपर्यंतच्या अंतराला तांब्याची ८ गेज वायर चालते. पंपाच्या वायरीच्या भाषेत ती जवळपास ८ चौरस मिलिमीटर. अंतर किंवा वॅट जास्त असतील तर ४ गेज, म्हणजे जवळपास २१ चौरस मिलिमीटर घ्यावी. स्वस्तातल्या वायरीत वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम असतं. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरं दिसलं तर ओळखावं. ती घ्यायचीच झाली तर एक माप जाड घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाचा फ्यूज. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. अँपजवळच्या फ्यूजने अँप वाचतं. मधली वायर घासून चासीला टेकली तर आग रोखतो तो बॅटरीजवळचाच. ८ गेजला ५० ते ६० अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे आगीला आवतण. वायर पत्र्यातून जाते तिथे रबर घालावं, बाकी ठिकाणी पाइपातून न्यावी.

अर्थची वायर तेवढीच जाड आणि आखूड ठेवावी. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवावी. इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमधून 'कुंईऽऽ' असा आवाज वाढत असेल, तर आधी अर्थ तपासावा. सिग्नलची केबल आणि करंटची वायर केबिनच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी.

पेटी कुठे बसवायची?

हौद्यात बूफर टिकत नाही. पाऊस, धूळ आणि मालाचे धक्के त्याला बसतात. सीटखाली किंवा सीटमागेच जागा करावी. १० इंची बूफरला बंद पेटी साधारण १७ ते २८ लिटरची लागते. नेमकं माप बूफरच्या कागदावर असतं. १८ मिलिमीटरचं एमडीएफ चालतं, पण पाणी लागलं की ते फुगतं, म्हणून बाहेरून रंग किंवा रेक्झिन हवं. पेटी बोल्टने पक्की करावी. अचानक ब्रेक लागला तर सुटी पेटी चालकाच्या पाठीत बसते.

सेटिंग

अँपचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. गेन कमी करून टेपचा आवाज पाऊणपर्यंत न्यावा. मग गेन हळूहळू वाढवावा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्यावा. बूफरला ८० हर्ट्झच्या खालचा आणि दरवाजाच्या स्पीकरला त्याच्या वरचा आवाज द्यावा.

इंजिन बंद, गाणी चालू

मार्केटमध्ये नंबर लागेपर्यंत गाणी चालूच असतात. बॅटरी ६० अँपिअर-तासांची आहे आणि सिस्टिम सरासरी १५ अँपिअर ओढते असं धरलं, तर कागदावर चार तासांत ती रिकामी होते. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी दगा देतो.

कान आणि कायदा

८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहणं कानाला धोक्याचं. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. ९१ डेसिबलला फक्त दोन तास. कन्नडच्या घाटात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शांतता क्षेत्र ठरलेल्या दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटरपर्यंत जास्त कडक नियम आहेत. सीटमागच्या बूफरने आरसीवरची नोंद बदलत नाही. पण हौद्यात सांगाडा ठोकून गाडीचा डीजे केला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

शेवटचं म्हणजे, पक्कं बिल घ्यावं आणि विमा एजंटाला सांगून सिस्टिमची पॉलिसीत नोंद करावी. बाहेरून बसवलेल्या विजेच्या सामानासाठी जादा हप्ता भरावा लागतो. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर त्या सामानाचे पैसे मागता येत नाहीत.