कर्दळीचा पत्ता

कविसंमेलन संपले की कुणी ना कुणी विचारतेच, "मराठी छान आहे हो तुमचं! मूळचे कुठले?" मी सांगतो, "कारंज्याचा." मग पुढचा प्रश्न, "लाड की घाडगे?" वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. आमचे कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे. एवढे सांगूनही काहींचे समाधान होत नाही. "तसं नाही, त्याच्याही आधी?" अशा वेळी मला आमच्या अंगणातली कर्दळ आठवते.

न्हाणीचे आणि वजूचे पाणी जिकडे जाई, तिकडे ती माजलेली असायची. केळीसारखी रुंद पाने, वर लाल तुरे. शेजारी सत्यनारायण असला आणि केळीचे खुंट मिळाले नाहीत, की आमच्याकडून कर्दळीचे चार दांडे जात. तिच्या बिया कोवळ्या असतानाच दादी दाभणाने त्यांना भोक पाडी. वाळून काळ्या कुळकुळीत झाल्या, की त्यांची तस्बीह ओवी.

ही कर्दळ मूळची इथली नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. पेरूमध्ये तिचे कंद भाजून खातात. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला आणि आपण हिंदुस्थानाजवळ आलो, असा त्याचा समज झाला. त्या बेटांना पुढे 'वेस्ट इंडीज' म्हणू लागले. १७५३ साली लिनियसने कर्दळीचे शास्त्रीय नाव नोंदवले, 'कॅना इंडिका'. म्हणजे इंडियाची! १९व्या शतकात फ्रेंच बागवानांनी तिच्या संकरित जाती काढल्या आणि त्या जगभरच्या बागांत पोहोचल्या.

संस्कृतात केळ म्हणजे कदली. नृसिंह सरस्वती श्रीशैलजवळच्या ज्या कर्दळीवनात गेले, ते हेच कदलीवन. आमच्या कर्दळीलाही पानांवरून केळीच्या घरातलेच नाव मिळालेले दिसते.

बी मात्र मोठे चिवट. अर्जेंटिनातल्या एका जुन्या कबरीत, माळेतल्या अक्रोडाच्या कवचात तिच्या एका जातभाईचे बी सापडले. ते रुजले. कवचाचे वय सुमारे ६०० वर्षे असल्याचे १९७१ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

दादीची तस्बीह आज माझ्याकडे आहे. भोक पाडलेले ते मणी आता रुजणार नाहीत; अंगणातली कर्दळ मात्र कंदाने पसरतेच आहे. 'इंडिका' हा पत्ता तिला चुकून मिळाला होता. तो खरा केला न्हाणीच्या पाण्याने आणि शेजारी गेलेल्या चार दांड्यांनी.