प्रभावतीगुप्तेचे ताम्रपट : नावांचा क्रम

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना अड्याळ लागते. या परिसराचा प्राचीन इतिहास म्हटला की पवनीचे स्तूप आठवतात. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता क्वचितच आठवते. वास्तविक तिचा एक ताम्रपट याच जिल्ह्यातील मिरेगावला मिळाला आहे, तर तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट पवनीला.

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त व नागकुळातील कुबेरनागा यांची कन्या. वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन हा तिचा पती. पाचव्या शतकाच्या आरंभी तो निवर्तला तेव्हा मुले अज्ञान होती. युवराज दिवाकरसेनाच्या वतीने तिने नंदिवर्धनाहून राज्यकारभार केला. तिचा ‘पुणे ताम्रपट’ तेराव्या वर्षी दिलेला आहे. म्हणजे हा कारभार काही महिन्यांची तात्पुरती सोय नव्हती.

तिच्या कारकिर्दीकडे बहुधा गुप्तांच्या दक्षिणेतील प्रभावाचे साधन म्हणून पाहिले जाते. हा प्रभाव नाकारता येत नाही. तथापि साहित्याच्या अभ्यासकाने हे ताम्रपट संहिता म्हणून वाचावेत. पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर ती युवराजाची जननी आहे. मजकुरात मात्र वंशावळ सुरू होते ती गुप्तांपासून. वाकाटक त्यानंतर येतात. विवाहानंतर स्त्रीचे गोत्र बदलते असा संकेत. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. ही राणी आपले गोत्र ‘धारण’ असे नोंदवते, आणि ते माहेरचे आहे. माता, कन्या, पत्नी ही तिन्ही नाती पुरुषांच्या नावांनी बांधलेली खरी. परंतु त्यांपैकी कोणते आधी सांगायचे, हे तिच्या शासनात ठरले आहे. कुलवृत्तान्ताचा आरंभ कोठून करायचा हा अधिकार राजसत्तेचाच एक भाग असतो.

पुत्र गादीवर आल्यानंतरही हा आवाज थांबत नाही. प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात ती रामगिरीच्या, म्हणजे आजच्या रामटेकच्या, देवस्थानाहून दानपत्र देते. हा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. मराठीच्या विद्यार्थ्याला रिद्धपूर ठाऊक असते ते गोविंदप्रभूंमुळे आणि आद्य कवयित्री महदाइसेच्या धवळ्यांमुळे. महदाइसा तेराव्या शतकातली. दोघींमध्ये सुमारे आठशे वर्षांचे अंतर. परंपरेचा धागा दाखवता येईल असे काही नाही, आणि ओढूनताणून दाखवूही नये. ताम्रपटाची भाषा संस्कृत, साचा राजलेखकाचा. म्हणून प्रभावतीगुप्तेला लेखिकाही म्हणता येणार नाही.

मग तिचे महत्त्व कशात? राज्य सांभाळून मुलाच्या हाती देणारी आदर्श माता, एवढीच तिची ओळख आपण पाठ्यपुस्तकांतून पुढे नेली, तर मुद्रेवरची एक ओळ वाचून उरलेला ताम्रपट मिटून ठेवल्यासारखे होईल. इतिहास घडवणाऱ्या स्त्रियांच्या याद्या आपण करतो. त्यांनी स्वतःची ओळख कोणत्या क्रमाने सांगितली, हेही वाचायला हवे.