गोदातीरच्या प्रेमगाथा

प्रीतिगीत कानीं पडलें, कीं तें कोणी आणि कोणासाठीं रचलें हा प्रश्न रसिकाच्या मनांत उभा राहतोच. आजच्या गीतांमागील हकीकती कवि स्वतः सांगतात. महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या प्रेमगीतांना मात्र हें भाग्य लाभलें नाहीं. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतांतील सुमारें सातशें सुट्या गाथांचा संग्रह होय. एक कोटी गाथांतून त्या निवडल्या, असें ग्रंथाच्या आरंभींच म्हटलें आहे. कोटी हा आंकडा अलंकारिक मानला, तरी लोकांच्या मुखीं अशा गाथा विपुल होत्या, हें त्यावरून उघड होतें. हालाचा काळ सामान्यतः इसवी सनाचें पहिलें शतक मानतात. कांहीं गाथा मागाहून शिरल्या असाव्यात.

गाथांतील गोदावरी आज जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, तिच्याच कांठीं थोडें वरच्या अंगास आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागांतील भोकरदन हें प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचीं नांवें सांचीच्या स्तूपावर कोरलेलीं आहेत. १९७३ सालच्या उत्खननांत तेथें हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंड सांपडला. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडलें गेलें; तेथें १९३८ सालीं मिळालेल्या मूर्तीशीं या खंडाचें लक्षणीय साम्य आहे. एवढें वैभव भोंवतीं असूनहि गाथांत वावरतात ते नांगऱ्या, वाटसरू, सासू आणि सून. त्यांच्या बोलण्यांतील ‘पोट्ट’ व ‘तुप्प’ हे शब्द पोट आणि तूप होऊन आजहि घरोघर नांदत आहेत.

गाथेंत कथा नसते. दोन ओळींत कोणी तरी कोणास तरी बोलतें, एवढेंच. मागील प्रसंग टीकाकार पुरवितात. एका प्रसिद्ध गाथेंत एक स्त्री एका धार्मिक गृहस्थास सांगते, कीं आतां निर्धास्त हिंडावें; त्रास देणारें कुत्रें गोदाकांठच्या झाडींत राहणाऱ्या सिंहानें मारलें आहे! शब्द अभयाचे, पण हेतु उलटा. ती झाडी तिचें संकेतस्थान असून तेथें फिरकणाऱ्या या गृहस्थास तिला दूर ठेवावयाचें आहे. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त ही गाथा ध्वनीचें उदाहरण म्हणून घेतली, अकराव्या शतकांत महिमभट्टानें हें केवळ अनुमान होय, असें प्रतिपादिलें. गोदातीरच्या एका चतुर वाक्यावर दूरच्या पंडितांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगला.

परंतु संकेतस्थानाचा उल्लेख गाथेंत कोठेंच नाहीं. एकाच गाथेचा वक्ता निरनिराळे टीकाकार निरनिराळा मानतात. आणि चोरट्या प्रीतीची त्यांना इतकी गोडी, कीं सरळ संसारी मायेच्या बोलांतहि ते कधीं कधीं कपट पाहतात. म्हणून टीकेचा आधार घ्यावा, पण गाथा आधीं तिच्या तिच्या शब्दांनींच ऐकावी. परंपरेनें कांहीं गाथांवर रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा स्त्रियांचीं नांवें राखलीं आहेत. त्यांचीं चरित्रें काळानें पुसलीं. सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि वाचकास जें ऐकूं येतें, तें त्यांचें बोलणें होय. आणि तें बोलणें मराठी कानांस परकें वाटत नाहीं.