नोरा इनू : स्त्रीचित्रण
अकिरा कुरोसावा दिग्दर्शित जपानी गुन्हेपट (१९४९). महायुद्धानंतरच्या टोकियोत, रणरणत्या उन्हाळ्यात, मुराकामी (तोशिरो मिफुने) या तरुण पोलिसाचे पिस्तूल बसमध्ये चोरीला जाते. तपास करणारे सारे पुरुष आहेत. स्त्रिया बहुधा साक्षीदार वा बळी म्हणून येतात आणि अनुभवी अधिकारी सातो (ताकाशी शिमुरा) याची पत्नी घरापुरतीच राहते. पाकीटमार ओगिन मात्र वेगळी. दिवसभर पिच्छा पुरवणाऱ्या मुराकामीला ती रात्री स्वतःच खाऊपिऊ घालते, आणि तपासाचा धागाही देते.

सर्वांत महत्त्वाची व्यक्तिरेखा नर्तकी हारुमी (केइको आवाजी) हिची. तिला हवा असलेला पोशाख मिळवण्यासाठी, ते चोरीचे पिस्तूल हाती आलेला युसा गुन्हा करतो. पुरुषाला बिघडवणारी स्त्री हा साचा इथे सहज पुरला असता. पण कुरोसावा तिला संतापाने बोलू देतात. अशा वस्तू दुकानांच्या काचेआड मांडणारेच दोषी, असे ती बजावते. तोच पोशाख घालून ती वादळात गिरक्या घेते, आणि आई तो हिसकावून बाहेर भिरकावते. स्त्रीच्या वंचिततेचे इतके उघडे चित्रण त्या काळच्या गुन्हेपटांत विरळाच. तरीही अखेरची झटापट मुराकामी आणि युसा या दोन माजी सैनिकांचीच आहे. हारुमी त्या दृश्यात नाही.